शिनोळी जवळ, ड्रॉप बॉक्स लांब

आजकाल चेक कोण वापरतंय, सगळं फोनवरच होतंय की, असं कुणी म्हटलं की त्या माणसाला एकदा आमच्या उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, घेऊन यावंसं वाटतं. आमच्या बाबांचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन, फाउंड्रीतून कास्टिंग येतं ते टर्निंग करून द्यायचं, जॉबवर्क म्हणतात ते. चहाचे पैसे क्यूआर कोडवर जातात, मान्य, पण जॉबवर्कचं बिल निघालं की पार्टी चेकच देते. मालकाच्या सहीशिवाय पैसे सोडायचे नाहीत आणि चेकवर तारीख पुढची टाकता येते, ही त्याची खरी कारणं. नात्यातल्या वाटणीच्या व्यवहारात, सोसायट्यांत तर अजून चेकच, कारण कागद दिसला की दोन्हीकडच्यांना बरं वाटतं. मी बीकॉम झाल्यापासून वर्कशॉपचा हिशेब बघते त्यामुळं चेक भरायचं काम माझ्याकडं, आणि गेल्या दिवाळीपासून जे बघितलं ते एकदा लिहून काढायचंच होतं. राग आहेच. पण यातले बरेच नियम आपल्याला कुणी सांगतच नाही, आणि ते माहीत नसतात म्हणूनच आपल्याला काउंटरवरून परत पाठवता येतं, म्हणून लिहितेय.

आमच्या दोन पार्ट्या शिनोळीला आहेत. बाहेरच्यांसाठी सांगते, बेळगावातून वेंगुर्ला रोडने हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत बाचीला आलं की पुढं कर्नाटक संपतं आणि शिनोळी लागते, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, म्हणजे महाराष्ट्र. बेळगाव भागातली कितीतरी पोरं रोज गाडी मारून तिथं कामाला जातात आणि तिकडची माणसं बाजाराला, दवाखान्याला बेळगावात येतात, येताजाताना हद्द कधी ओलांडली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण चेकच्या हिशेबात हे दुसरं गाव होतं. बाबा सांगतात, तिकडच्या बँकेचा चेक म्हणजे आउटस्टेशन, तो कलेक्शनला जायचा, म्हणजे कागद खरोखर टपालाने तिकडं जायचा, तिथं पास व्हायचा, मग कधीतरी कमिशन कापून पैसे खात्यावर. पुढं अशा चेकला कमाल मुदत ठरली, राज्यांच्या राजधान्यांना 7 दिवस, मोठ्या शहरांना 10 आणि बाकी गावांना 14. म्हणजे शिनोळी-चंदगड चौदात. पोरगा सकाळी तिथं कामाला जाऊन संध्याकाळी घरी येतो आणि त्याच गावचा चेक चौदा दिवस फिरतोय. बाबा त्या चेकवर शनिवारच्या पगाराचा हिशेब कधी धरायचेच नाहीत.

आता तसं राहिलं नाही, आणि हे मुद्दाम सांगते कारण बँकेत अजून 'बाहेरगावचा चेक आहे, वेळ लागणार' असं ऐकवणारे भेटतात. 2008 साली दिल्लीत आणि 2011 मध्ये चेन्नईत सुरू झालेली सीटीएस पद्धत आता सगळ्या देशात आहे. आपण चेक जिथं भरला तिथंच तो थांबतो, त्याचा स्कॅन केलेला फोटो आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवरचे आकडे तेवढे पुढं जातात. त्या पट्टीवर आधी सहा आकडी चेक नंबर असतो, मग नऊ आकडी मायकर (MICR) कोड, त्यातले पहिले तीन आकडे गावाचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. गावाचे आकडे बहुतेक करून पिनकोडचेच पहिले तीन, बेळगावचे 590, कोल्हापूरचे 416. फरक काय तो एवढाच उरला, 590 काय आणि 416 काय, फोटोला रस्ता लागत नाही.

त्यात 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने अजून एक बदल केला. आधी दिवसभराचे चेक गोळा करून एकगठ्ठा पाठवायचे आणि पास की नापास ते दुसऱ्या दिवशी कळायचं. त्या तारखेपासून पद्धत अशी झाली की बँकेने, सुरुवातीला सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत, चेक येईल तसा स्कॅन करून लगेच पाठवायचा आणि ज्याच्या बँकेवर तो काढलाय त्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत पास की नापास सांगायचं, काहीच सांगितलं नाही तर पास धरायचा. बँकांची आपसातली देवघेव झाली की तासाभरात आपल्या खात्यावर. मी हे वाचलं तेव्हा बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते म्हणाले, "बघूया, आमच्या ब्रँचला कळू दे आधी."

दिवाळीच्या तोंडावर शिनोळीच्या पार्टीचा चेक मिळाला, 68,500 चा. दोन कामगारांचा बोनस, बाजारातल्या एका दुकानाचं उधार आणि टूलच्या दुकानाचं बिल, सगळं त्यावर मोजून ठेवलेलं. सकाळी अकराच्या आत मी बँकेत. काउंटरवर चेक आणि स्लिप पुढं केली तर आतल्या सरांनी मान वर न करता बोट दाखवलं, ड्रॉप बॉक्स. मी म्हटलं, सर, शिक्का मारून द्या की स्लिपवर, तर म्हणाले चेक इथं घेत नाहीत, बॉक्समध्येच टाकायचा, सगळे टाकतात. मागं लाईन, सिक्युरिटीवाले अण्णा पण म्हणाले, "टाका ओ अक्का, काय होत नाही." टाकला. स्लिपचा अर्धा भाग फाडून माझ्याकडं, त्यावर माझंच अक्षर, शिक्का नाही, सही नाही, तारीख पण मीच लिहिलेली.

त्या दिवशी काही आलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मग शनिवार-रविवार. सोमवारी विचारायला गेले तर उत्तर तयार होतं, नवीन सिस्टीम आलीय, सगळीकडंच लेट व्हायलंय. यात अर्धं खरंही होतं, त्या पहिल्या दिवसांत देशभर गोंधळ होता, पेपरातही आलं होतं. त्यामुळं बाबा म्हणाले थांबूया. आम्ही थांबलो, बोनसला बाबांनी काकांकडून हातउसने घेतले. पण मला चैन पडेना म्हणून मी शिनोळीच्या पार्टीच्या अकाउंटंटना फोन लावला की तुमच्या खात्यातून आमच्या चेकचे पैसे गेले का तेवढं बघून सांगा. त्यांनी त्यांच्या बँकेत विचारून सांगितलं, पैसे गेले नाहीत आणि असा चेक आमच्याकडं आलेलाच नाही, नापासही केलेला नाही.

इथं मला सगळं उलगडलं. चेक स्कॅन झाला असता तर त्यांच्या बँकेला त्याच दिवशी दिसला असता, पास होवो नाहीतर परत जावो. दिसलाच नाही याचा अर्थ तो आमच्याच शाखेच्या चार भिंतींत कुठंतरी पडून आहे. सिस्टीम लेट नव्हती, चेक सिस्टीममध्ये गेलाच नव्हता.

परत बँकेत. आता प्रश्न असा आला की तुम्ही चेक टाकलाय याला पुरावा काय. मी ती अर्धी स्लिप दाखवली तर म्हणतात यावर शिक्का कुठाय. शिक्का तुम्हीच दिला नाही, बॉक्समध्ये टाका म्हणालात! हे बोलताना माझा आवाज चढला, चढणारच, अडुसष्ट हजार पाचशे रुपये होते आणि त्यामागं दोन घरांची दिवाळी होती. एक सर म्हणाले पार्टीला सांगून स्टॉप पेमेंट करा आणि दुसरा चेक घ्या. म्हणजे हरवला यांनी, स्टॉप पेमेंटचा चार्ज पार्टीने भरायचा आणि दुसऱ्या चेकसाठी हात पुढं करायचा आम्ही. नियम काय सांगतो ते मला तोवर माहीत झालं होतं, चेक वाटेत किंवा क्लिअरिंगमध्ये हरवला तर बँकेने लगेच खातेदाराला कळवायचं असतं आणि दुसरा चेक मिळवायला येणारा खर्च, उशिराचं व्याज, ही जबाबदारी बँकेची, खातेदाराची नव्हे. मी ते मॅनेजर मॅडमना शांतपणे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं हे खरं, आणि शिपाईकाकांना बॉक्समधून निघालेले सगळे जुने गठ्ठे काढायला लावले. अर्ध्या-पाऊण तासात चेक सापडला. दुसऱ्या कुणाच्या तरी स्लिपला टाचणी लावलेली होती, त्या टाचणीत आमचा चेक अडकून तो अख्खा जोडच 'तपशील चूक' म्हणून बाजूला काढून ठेवलेला, आणि बाजूला काढल्याचं कुणालाच कळवलेलं नाही. त्यांनी समोरच स्कॅन केला. संध्याकाळी सात वाजून गेले असतील, फोनवर मेसेज आला, पैसे जमा.

हा मेसेज बघून आनंद व्हायच्या ऐवजी मला जास्त राग आला. शिनोळीतून बेळगावात पैसे यायला काही तास पुरले आणि बॉक्सपासून स्कॅनरपर्यंत, म्हणजे दहा-बारा पावलं, त्याला दिवाळी उलटली.

म्हणून पहिली गोष्ट, जी मी भेटेल त्याला सांगतेय. ड्रॉप बॉक्स ही सोय आहे, सक्ती नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की बॉक्स ठेवला तरी काउंटरवर चेक घेऊन पोच द्यायची सोय असलीच पाहिजे, काउंटरवर दिलेल्या चेकची पोच द्यायला कुठल्याही शाखेने नाही म्हणायचं नाही, आणि 'काउंटरवर चेक देऊन स्लिपवर पोच घेता येईल' अशी पाटी त्या बॉक्सवर इंग्रजी, हिंदी आणि तिथल्या प्रादेशिक भाषेत दिसली पाहिजे. आमच्या बॉक्सवर फक्त चेक काढायची वेळ आणि बँकेच्या कर्जाची जाहिरात.

त्यानंतर मी काउंटरवरच चेक देते. सुरुवातीला प्रत्येक वेळी वाद, 'तुमच्या एकटीसाठी नियम वेगळा आहे का', मी म्हणायची नाही सर, सगळ्यांसाठी तोच आहे, तुम्ही सगळ्यांना द्या. फोनवर नियम काढून ठेवलेला असायचा पण तो दाखवायला गेलं की माणसं जास्त चिडतात असं दिसलं, म्हणून आधी नुसतं उभं राहायचं आणि म्हणायचं, शिक्का मिळाल्याशिवाय मी जाणार नाही. हळूहळू द्यायला लागले. लेक अशी काउंटरवर भांडते हे कळून आईला आधी कसंतरी वाटलं, नंतर तीच शेजारच्या मावशींना सांगायला लागली, शिक्का घेऊनच या म्हणून.

शाखेच्या बाहेर चेक भरायचं मशीनही आहे, चेक आत ओढून घेतं, स्कॅन करतं आणि चेकच्या फोटोसकट पावती देतं, चालू असेल तेव्हा यापेक्षा चांगलं काही नाही. पण ते चालू असणं हाच मोठा योग, कधी कागद संपलेला तर कधी लिंक नाही, आणि जरा चुरगळलेला चेक असला की तोंडाशी घेऊन परत बाहेर.

पार्टीकडून होणारा घोळ पण लिहिला पाहिजे, सगळा दोष बँकेवर टाकून चालणार नाही. आमच्या फर्मच्या नावात 'इंजिनिअरिंग वर्क्स' आहे. दुसऱ्या एका पार्टीच्या नवीन अकाउंटंटने चेक लिहिला 'इंजिनिअर्स' नावाने. बँक म्हणाली नाव जुळत नाही, घेणार नाही, आणि तिथं बँकेचं बरोबर होतं. मग पार्टीकडं गेले तर तो पोरगा खोडून वर लिहून बाजूला मालकांची सही घेऊन देतो म्हणाला, पूर्वी तसंच चालायचं की. आता चालत नाही. सीटीएसमध्ये जाणाऱ्या चेकवर तारखेशिवाय कुठलीच खाडाखोड चालत नाही, नाव किंवा रक्कम चुकली तर नवीन चेकच लिहायचा. नवीन चेक म्हणजे परत मालकांची सही, आणि मालक पुण्याला. तोवर काय करणार, कास्टिंग आणायला टेम्पोभाडं तर रोखच द्यावं लागतं. इकडं आमच्या भागात नावांचा हा घोळ माणसांच्या बाबतीत तर फारच आहे, आधार कार्डावर नाव कन्नडातून इंग्रजीत गेलेलं, शाळेच्या दाखल्यावर मराठीतून गेलेलं, त्यामुळं एकाच माणसाच्या पाटील आडनावात कुठं 'आय' तर कुठं 'डबल ई', आणि बापाचं नाव कुठं मधे तर कुठं नुसतं एक अक्षर पुढं. चेक घेतानाच पासबुकावरचं नाव अक्षर न् अक्षर लिहून द्यावं, मी आता पार्ट्यांना फर्मच्या नावाचा छापील कागदच देते, बिलाला जोडून.

आता मामांच्या चेकबद्दल. आईचं माहेर चंदगड भागात, काजूची बाग आहे, मामा आईचा वाटा दरवर्षी न चुकता देतात आणि चेकनेच देतात. खातं तिकडच्या बँकेत, आणि मामा चेक मराठीत लिहितात, सगळा, नाव, अक्षरी रक्कम, आकडे, तारीख, सही. अक्षर इतकं सुंदर की आई तो चेक भरायच्या आधी एक-दोन दिवस देवाजवळ ठेवते. हा चेक मी काउंटरवर दिला. तिथं नवीन मॅडम होत्या, धारवाडकडच्या असाव्यात बोलण्यावरून, त्यांनी चेक बघितला, परत बघितला, रकमेच्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, "इदु एष्टु?" म्हणजे हे किती? चौकटीत ४५,२०० लिहिलेलं. मराठीतला ४ त्यांना इंग्रजी आठासारखा दिसत होता, पंच्याऐंशी हजार की काय असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, "नलवत्तैदु साविरद इन्नूरु, मॅडम." त्या हसल्या, तुम्हाला कन्नड येतं का म्हणाल्या. बेळगावात वाढलोय आम्ही, कामापुरतं येतंच. पण तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, घेऊ नका, मराठी चालत नाही, इंग्रजीत लिहून आणायला सांगा.

या सीमाभागात भाषेवरनं किती काय काय झालंय ते आपल्याला माहीत आहे, 1956 पासूनची गोष्ट आहे, घराघरात त्याची आठवण आहे. मला तिथं तो वाद घालायचा नव्हता आणि घातलाही नाही. मी फक्त चेकचं बोलले. चेक हिंदीत, इंग्रजीत किंवा तिथल्या प्रादेशिक भाषेत लिहिता येतो, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम. हा चेक महाराष्ट्रातल्या शाखेवर काढलेला आहे, तिथली प्रादेशिक भाषा मराठी. अक्षरी रक्कम वाचून पास करायचं काम त्या शाखेचं, तुम्हाला फक्त फोटो काढून पाठवायचाय, आणि रक्कम काय ती मी स्लिपवर इंग्रजी आकड्यांत लिहिलीच आहे. उद्या इथल्या माणसाने कन्नडात लिहिलेला चेक कोल्हापूरच्या बँकेत भरला तर तिथल्यांनीही तो घेतला पाहिजे, हेही बोलले, कारण ते मला मनापासून वाटतं. सर काही बोलले नाहीत. नवीन मॅडमनी मॅनेजर मॅडमना जाऊन विचारलं, परत आल्या आणि शिक्का मारून दिला. स्कॅन करताना स्क्रीनवर रक्कम टाकायची असते, ती त्यांनी मला मोठ्याने परत विचारून टाकली, फोर फाइव्ह टू झिरो झिरो. इतकं साधं होतं ते. चेक पास झाला, मामांचा फोन आला की माझ्या खात्यातून गेले गं पैसे. आई म्हणाली दादाला सांग पुढच्या वेळी इंग्रजीत लिही म्हणावं, तुला कशाला त्रास. मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

त्यानंतरचा प्रकार पैशाने लहान पण जास्त चीड आणणारा. शिनोळीच्याच पार्टीचा पुढचा चेक परत आला. मेमोवर कारण, फोटो स्पष्ट नाही. आणि आमच्या खात्यातून चेक रिटर्न चार्ज, वर जीएसटी. झालं होतं असं की पार्टीने कंपनीचा रबरी शिक्का सहीवरच दाबून मारलेला, शाई भरपूर, स्कॅनमध्ये सही आणि शिक्का मिळून नुसता काळा ठिपका. चेक लिहिणाऱ्यांनी हे बघायला पाहिजे, शिक्का सही, नाव, तारीख, रक्कम यांच्यावर येता कामा नये. पण आमचा काय दोष, आम्ही तर फक्त भरणारे. याबाबतही नियम स्पष्ट आहे, चेक परत आल्याचा चार्ज ज्या खातेदाराची चूक असेल त्याच्याकडूनच घ्यायचा, आणि अशा तांत्रिक कारणाने परत आलेला चेक बँकेने आपण होऊन, आपल्याला कळवून, पुढच्या क्लिअरिंगला परत लावायचा, सुट्टी सोडून 24 तासांच्या आत. आम्हाला मेमो मिळाला तोसुद्धा मी विचारायला गेले तेव्हा, टेबलाच्या खणातून. समजा खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक बाऊन्स झाला असता तर? चेक बाऊन्सच्या कायद्यातल्या कलम 138 ची नोटीस चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते, आणि चेकची मुदतच आता तीन महिने, 2012 च्या एप्रिलपासून, आधी सहा होते. मेमो खणात पडून राहिला, तो आपल्याला कधी कळला यावर उद्या वाद झाला, तर कोर्टात आपणच अडकणार. मेमोवर तारीख बघून घ्या आणि कधी हातात मिळाला ते बँकेकडून लिहून घ्या.

चार्ज परत मिळावा म्हणून अर्ज दिला, लेखी. तोंडी सांगितलं तर 'बघतो' म्हणतात आणि ते बघणं कधी संपत नाही. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घेतली. पुढच्या आठवड्यात चार्ज खात्यावर परत आला, जीएसटीसकट. रक्कम किरकोळ आहे हो, पण वर्षभरात असे किती जणांचे किती कापले जात असतील आणि किती जण विचारत असतील?

कारण मी तरी शिकलेली आहे, तिन्ही भाषा थोड्याफार येतात, फोन आहे, वर्कशॉपमधून तासभर निघता येतं. माझ्या मागं एकदा एक आजी होत्या, खानापूर भागातल्या, कसल्यातरी नुकसानभरपाईचा चेक घेऊन आलेल्या. रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला, चार घड्या घातलेला, त्यातली एक घडी बरोबर खालच्या आकड्यांच्या पट्टीतून गेलेली. स्लिप कन्नड, हिंदी, इंग्रजीत, आजींना अक्षर ओळख फक्त सहीपुरती. अण्णा त्यांनाही तेच म्हणाले, बॉक्समध्ये टाका. नुसता चेक, स्लिपशिवाय, खाते नंबर न लिहिता! मी त्यांना थांबवलं, स्लिप भरली, पासबुकावरून नंबर उतरवला, चेकच्या मागं नाव, खाते नंबर आणि त्यांच्या नातवाचा फोन नंबर लिहिला, घडी हाताने दाबून सरळ केली आणि त्यांना घेऊन काउंटरला गेले. त्याच नवीन मॅडम होत्या, त्यांनी काही न बोलता घेतला, दोन्ही भागांवर शिक्का मारला. आजींनी विचारलं, "हे जपून ठेवू न्हवं?" म्हटलं, आजी, पैसे जमा झालेले पासबुकात छापून येईपर्यंत हा कागद सोडू नका. त्या मॅडम नसत्या तर, किंवा मी त्या वेळी तिथं नसते तर तो चेक त्या बॉक्समध्ये गेला असता आणि त्याचं काय झालं असतं ते मला माहीत आहे. आजींना बस पकडून तिथवर यायला अर्धा दिवस लागतो.

शाखेत माणसं कमी आहेत, हे मी स्वतः बघते. एकच माणूस पासबुक, केवायसी, चेक सगळं बघतो, जेवायलाही धड उठता येत नाही त्यांना. त्यांची दया येते. पण म्हणून सगळा भार काउंटरच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसावर ढकलायचा हे मला पटत नाही, चेक त्याच्या कष्टाचा आहे, तो काही मागायला आलेला नाही.

आता मी मॅनेजर मॅडमना एक अर्ज दिलाय, माझ्या सहीबरोबर उद्यमबागेतल्या अजून काही वर्कशॉपवाल्यांच्या सह्या घेऊन. मागण्या मोजक्याच आहेत. बॉक्सवर नियमातली पाटी लावा, कन्नडात तर हवीच आणि खाली मराठीतही एक ओळ टाका, इथं रोज येणारी निम्मीअधिक म्हातारी माणसं तीच वाचतात. बॉक्स दिवसातून एकदा न उघडता दुपारी चेक पाठवायची वेळ संपायच्या आधीही एकदा उघडा, नाहीतर त्याच दिवशी पास व्हायच्या नियमाचा आम्हाला उपयोग शून्य. आणि बाजूला काढलेल्या चेकच्या मालकाला फोन करा, नंबर मागं लिहिलेला असतो. मॅडम म्हणाल्या दुसरी मागणी लगेच करता येईल, पाटीसाठी वरच्या ऑफिसला विचारावं लागेल. वरचं ऑफिस काय म्हणतं ते बघायचं. अर्ज दिल्यापासून तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटेल असं नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडं तक्रार करता येते, ऑनलाइन होते, फी नाही, माहितीला 14448 हा नंबर आहे. तारीख मी वर्कशॉपच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. बॉक्स मात्र या आठवड्यापासून दुपारी उघडायला लागलेत, काल शिपाईकाका किल्ली घेऊन येताना मी स्वतः बघितलं.